वडील ६३, मधुमेह आणि बीपी: टर्म विम्याच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबा ६३ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, आता एका फर्मचे हिशेब बघतात. महिना ३८ हजार मिळतात, रिटर्न नियमित भरतात. आई घरीच असते. धाकटा भाऊ ३० वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे, स्वतःचं जेवण-कपडे करतो, पण पैशाचा व्यवहार त्याला कधीच जमणार नाही. बाबांच्या डोक्यात एकच आहे: आपल्यामागे त्याच्या नावाने ठोस रक्कम हवी. म्हणून ५० लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा), ७५ वयापर्यंत.

मधुमेह ११ वर्षांपासून, बीपीची एक गोळी, २०१९ ला उजवा गुडघा बदलला. सिगारेट २००८ ला सोडली. चार महिन्यांपूर्वी एका कंपनीकडे अर्ज केला. मेडिकलमध्ये एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ९.१ आला आणि 'सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा' असं पत्र आलं. बाबांना ते फार लागलं. 'रोज कचराळी तलावाला पाच फेऱ्या मारतो, आणि मला नाही म्हणतात' हे आठवडाभर चाललं होतं.

आता दुसरा एजंट म्हणतो, आधीच्या पत्राचा उल्लेख करू नका, बीपीचंही लिहू नका, शुगर तेवढी दाखवू. मला हे पटत नाही, पण सगळं लिहिलं आणि कायमचा नकार आला तर? कंपनी नेमकं काय बघून ठरवते, हे कोणी सांगू शकेल का?

---

आनंद_घोडबंदर

६३ ला टर्म विमा कशाला? प्रीमियम प्रचंड येईल. वर्षाला ८० हजार भरणार असाल तर तेच ७ टक्क्यांनी १२ वर्षं साठवा, १५ लाखांच्या वर जमतात आणि ते नक्की तुमचे असतात. विमा हा कमावत्या तरुण माणसाने काढायचा.

---

पाचपाखाडीकर

आनंद, हिशेब मान्य. पण साठवायला १२ वर्षं मिळतील, हे गृहीत धरलंय. भीती नेमकी तिथेच आहे.

---

रेखा_सानपाडा

मी २२ वर्षं आयुर्विमा कंपनीत अंडररायटिंगचं, म्हणजे अर्ज तपासून जोखीम ठरवण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमच्या बाबांसारख्या शेकडो फायली हाताखालून गेल्या, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी बाबांना एक सांगा. ते पत्र त्यांच्याबद्दल नव्हतं. अंडररायटर 'हा माणूस कधी जाणार' हे सांगत नाही, ते कोणालाच सांगता येत नाही. तो विचारतो: याच वयाची, याच आजारांची, याच सवयींची हजार माणसं उभी केली तर वर्षभरात त्यातली किती जातील? बाबा त्या हजारांतले एक. पाच फेऱ्या मारणारा कुठल्या हजारांत बसवायचा, एवढंच काम.

त्यासाठी पायाला मृत्युदर तक्ता असतो. आपल्याकडे सध्याचा तक्ता २०१२-१४ च्या विमाधारकांच्या अनुभवावर इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाने केला आणि तो एप्रिल २०१९ पासून लागू आहे. त्यात तिशीला हजारी साधारण एक मृत्यू, पन्नाशीला चारच्या थोडा वर, साठीला अकराच्या आसपास, आणि सत्तरीला साठीच्या दुपटीजवळ. वय वाढेल तसा मृत्यूचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो, हे बेंजामिन गॉम्पर्ट्झने लंडनमध्ये १८२५ लाच मांडलं होतं. आजचे तक्तेही प्रौढ वयात बरेचसे त्याच वळणाने जातात.

आता रुपयांत बघा. ५० लाखांच्या विम्याला तिशीच्या माणसाचा नुसता जोखमीचा खर्च वर्षाला ५ हजार. साठीला तोच ५५ हजार. यात कंपनीचा खर्च, कमिशन काहीच धरलेलं नाही.

त्यावर आजारांचे गुण चढतात. निरोगी माणूस म्हणजे १००. मधुमेहाचे इतके वर, बीपीचे इतके वर, चांगल्या गोष्टींचे थोडे खाली. अमेरिकेत रॉजर्स आणि हंटर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली, अजून जगभर ती चालते. बेरीज समजा १५० आली तर प्रीमियमवर पन्नास टक्के लोडिंग, म्हणजे तेवढा जादा प्रीमियम. फार वर गेली तर नकार.

तरुणाची आणि ज्येष्ठाची फाईल इथेच वेगळी होते. तिशीच्या माणसाची बेरीज २०० आली तर हजारात एक जास्तीचा मृत्यू, म्हणजे ५ हजार रुपये. कंपनी हसतहसत घेते. साठीला बेरीज २०० म्हणजे हजारात अकरा जास्तीचे, ५५ हजार. म्हणून ज्येष्ठांच्या फाईलमध्ये आम्ही एकेक रिपोर्ट दोनदा वाचायचो. टक्का तोच, पण त्यामागची माणसं दहापट.

'पोस्टपोन' आणि 'डिक्लाइन' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोस्टपोन म्हणजे आत्ता चित्र स्थिर नाही, साखर आटोक्यात आणा आणि या. ९.१ ला मी पण तेच लिहिलं असतं.

पुढच्या फॉर्ममध्ये 'यापूर्वी कुठला अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जास्त प्रीमियमवर स्वीकारला का' असा थेट प्रश्न असेल. तिथे 'नाही' लिहिणं म्हणजे सहीनिशी खोटं. कंपन्यांना एकमेकींच्या नोंदी तपासायची सोय आहे. आणि सापडलं नाही तरी क्लेमच्या वेळी सापडतं.

---

डॉ_वाशी

रेखाताईंनी गणित सांगितलं, मी टेबलाच्या या बाजूचं सांगतो. मी वाशीला फिजिशियन आहे, विम्याची मेडिकल्सही करतो.

साठीनंतर रक्त, लघवी, ईसीजी, कधी ट्रेडमिल किंवा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) हे ठरलेलं. लोक एकट्या साखरेला घाबरतात. मी आधी लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघतो, त्यावरून किडनी कळते. अकरा वर्षांचा मधुमेह असून किडनी स्वच्छ असेल तर तो माणूस वेगळा. साखर ७.५ पण लघवीतून प्रोटीन जातंय, तो वेगळा. शिवाय आजार एकमेकांना धरून चालतात. मधुमेह अधिक बीपी अधिक प्रोटीन, यांची साधी बेरीज होत नाही, त्याहून जास्त भरते.

गुडघा बदलल्याची काळजी करू नका. मोतीबिंदू, कानाचं मशीन, गुडघा हे जगण्याला त्रास देतात, आयुष्य फारसं कमी करत नाहीत. उलट गुडघा बदलून माणूस चालता झाला तर चांगलंच. मात्र चालणं कशामुळे थांबलं ते मी नेहमी विचारतो. गुडघ्यामुळे थांबलात की धाप लागते म्हणून? दुसऱ्या उत्तराला फाईल जाड होते.

आणि बाबांच्या त्या पाच फेऱ्या! त्या खरंच मोलाच्या आहेत. २०११ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ज्येष्ठांच्या चालण्याच्या वेगावर मोठा अभ्यास आला होता, नऊ गटांतले ३४,४८५ लोक. नेहमीच्या चालीने भरभर चालणारे जास्त जगतात, हे त्यात वयागणिक दिसलं. परदेशात सत्तरीपुढच्या अर्जदाराला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवतात, वळून परत बसवतात आणि वेळ मोजतात. दहा शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, घड्याळ काढायला लावतात. कारण या वयात रिपोर्टपेक्षा माणूस आपला आपण किती वावरतो, हे जास्त बोलतं. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये हे क्वचितच होतं. त्यामुळे फॉर्मसोबत फॅमिली डॉक्टरचं पत्र जोडा: रोज किती चालतात, एकटे प्रवास करतात का, वजन स्थिर आहे का.

वजनाचं मुद्दाम लिहितो. तरुणपणी वजन कमी झालं की कौतुक होतं. पासष्टीला काही न करता पाच-सहा किलो उतरले तर मला घाम फुटतो.

सिगारेट २००८ ला सोडलीय तर तसंच लिहा, वर्षासकट. कोटिनिनची चाचणी थोड्या दिवसांतलाच तंबाखू दाखवते, जुनं तिला कळत नाही. जुनं तुम्हीच सांगायचं असतं.

---

विमासखी_कळवा

मी १७ वर्षं एजन्सी करतेय. वरच्या एजंटचा सल्ला वाचून जीव तळमळला. लपवायला सांगणाऱ्याचं कमिशन पॉलिसी निघाली की सुटतं. क्लेमच्या वेळी मात्र बाईमाणूस फाईल घेऊन फिरत असतं.

दादा, फॉर्म स्वतः भरा. ऑनलाइन असेल तर प्रत्येक 'नाही' वर बोट ठेवून वाचा. पुष्कळदा आधीच 'नाही' टिक केलेला असतो आणि ओटीपी एजंट मागून घेतो. ओटीपी म्हणजे बाबांची सही आहे, हे त्यांना समजावून सांगा. पॉलिसी आली की प्रपोजलची प्रत सोबत असते, ती तपासा. न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, त्यामुळे जुन्या कोटेशनवर जाऊ नका.

---

मीनल_खारघर

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

माझे सासरे ६१ चे असताना पॉलिसी घेतली. अँजिओप्लास्टी झाली होती, ती लिहिली नाही. 'झाली त्याला सहा वर्षं, आता ठीक आहे' असं घरात सगळ्यांचंच मत. माझंही. चौदा महिन्यांनी ते गेले, न्यूमोनियाने. हृदयाचा संबंध नव्हता. कंपनीचा माणूस आला, गोड बोलला, चहा घेतला. केमिस्टकडे गेला, जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला. दोन महिन्यांनी नकाराचं पत्र. भरलेला प्रीमियम परत आला, बाकी काही नाही.

सासूबाईंनी कधी कोणाला दोष दिला नाही. पण त्या पत्राची घडी अजून त्यांच्या कपाटात आहे. सगळं लिहिलं असतं तर कदाचित प्रीमियम दीडपट लागला असता. तेवढा भरायची आमची ऐपत होती.

---

सुमित_ऐरोली

मीनलताई, वाईट वाटलं. पण एक विचारतो: तीन वर्षं झाली की कंपनीला काहीच विचारता येत नाही ना? मग तीन वर्षं निघाली की लपवलेलं पचलं, असंच ना?

---

रेखा_सानपाडा

सुमित, कायदा तुम्ही बरोबर वाचलात, अर्थ चुकीचा काढलात.

विमा कायदा १९३८ चं कलम ४५, २०१५ ला बदललं. तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. वयाचा पुरावा मात्र केव्हाही मागता येतो. तीन वर्षांच्या आत कंपनीला दोन दारं आहेत. एक फसवणुकीचं: त्यात वारसांना सिद्ध करावं लागतं की माहिती चुकून राहिली, मुद्दाम नाही. दुसरं महत्त्वाची माहिती चुकीची दिल्याचं किंवा दडवल्याचं: त्यात नकार दिला तर भरलेला प्रीमियम ९० दिवसांत परत करावा लागतो. मीनलताईंच्या घरी हे दुसरं दार उघडलं गेलं असावं.

आता ६३ वर्षांच्या मधुमेही माणसाला सांगा, पहिली तीन वर्षं काही होऊ द्यायचं नाही. ज्या धोक्यासाठी विमा काढताय, तोच तीन वर्षं उघड्यावर ठेवायचा? शिवाय ही तीन वर्षं पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा पुनरुज्जीवन केल्यापासून, यात जे उशिरा येईल तिथून मोजतात. ज्येष्ठांच्या पॉलिसी प्रीमियम विसरल्यामुळे बंद पडतात, मुलं पुन्हा चालू करतात, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून ऑटो-डेबिट लावा.

---

निखिल_नौपाडा

रेखाताई, आरोग्य विम्यात ते पाच वर्षं असतं ना?

---

रेखा_सानपाडा

हो, तिथे साठ महिने, आणि सिद्ध झालेली फसवणूक तिथे वगळलेली आहे. दोन्हींची गल्लत नको. अजून एक, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ ला मेडिक्लेमच्या एका प्रकरणात म्हटलंय की ग्राहकाने आजार सांगितला, कंपनीने तो तपासून पॉलिसी दिली, तर पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येत नाही. लिहिलेला आजार ही तुमची ढाल असते, ती अशी.

आता पाचपाखाडीकर, मला तुमच्याशीच बोलायचंय. तुमचं वय काय? आणि तुमच्या नावावर किती टर्म विमा आहे?

---

पाचपाखाडीकर

३६. ऑफिसचा ग्रुप विमा आहे, स्वतःचा नाही.

---

रेखा_सानपाडा

मग ऐका, जरा स्पष्ट बोलते. भाऊ ३० चा आहे. आई-बाबांनंतरची तीस वर्षं त्याचा आधार तुम्ही आहात. आज घरातला सर्वात मोठा धोका बाबा नाहीत, तुम्ही आहात, आणि तुमच्यावर विमाच नाही. ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जातो. ३६ व्या वर्षी हजारी एक-सव्वा मृत्यूच्या दराने तुम्हाला एक कोटीचं संरक्षण ज्या पैशात मिळेल, त्यात बाबांना दहा लाखांचंही नीट मिळणार नाही.

बाबांचा विमा काढूच नका, असं मी म्हणत नाही. पण ५० लाख मिळणंही अवघड आहे. साडेचार लाखांच्या वार्षिक मिळकतीवर, तीही किती वर्षं टिकेल माहीत नाही, अंडररायटर रक्कम कमी करेल. ज्येष्ठांच्या फाईलमध्ये आरोग्याइतकाच हा प्रश्न असतो: हा माणूस गेल्याने घराचं आर्थिक नुकसान नेमकं किती? तिथे भावाचं कारण स्पष्ट लिहा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. 'या वयात अचानक एवढा विमा का' याचं प्रामाणिक उत्तर फाईलमध्ये असलं की वाचणाऱ्याचा संशय निघून जातो.

---

आनंद_घोडबंदर

रेखाताईंशी सहमत. मी 'एफडी करा' एवढंच म्हणून मोकळा झालो होतो, भावाचा पूर्ण विचार केला नव्हता.

पेन्शन योजनेचं काय? बाबांच्या पीएफच्या पैशातून तहहयात पेन्शन, नंतर भावाला?

---

रेखा_सानपाडा

चांगला मुद्दा. तिथे जोखीम उलटी होते. टर्म विम्यात कंपनीला लवकर मृत्यूची भीती, पेन्शनमध्ये लांब आयुष्याची. म्हणून पेन्शनला मेडिकल लागत नाही आणि तिचा मृत्युदर तक्ताही वेगळा. काही योजनांत दुसरा जीव म्हणून अपत्य घेता येतं, अपंग अवलंबितांसाठी सवलतीही असतात. दुसरा जीव ३० चा असल्याने दरमहा रक्कम कमी येईल, पण त्याच्या शेवटापर्यंत येत राहील. ब्रिटनमध्ये आजारी माणसाला जास्त पेन्शन देणाऱ्या योजना चांगल्या रुळल्या आहेत. आपल्याकडे मधुमेह आहे म्हणून कोणी चार पैसे जास्त देईल, असं धरून चालू नका.

आणि 'सरासरी आयुर्मान ७०, म्हणजे बाबांची सात वर्षं' असा हिशेब घरात कोणी करत असेल तर तो थांबवा. ७० हे जन्माच्या वेळचं. साठी गाठलेल्या भारतीयाची पुढची सरासरी सुमारे १८ वर्षं आहे.

---

पाचपाखाडीकर

सात आठवड्यांनी अपडेट देतोय. उशिराबद्दल क्षमस्व.

आधी माझा एक कोटीचा टर्म विमा निघाला. बायको म्हणाली, हे तू लग्नानंतरच करायला हवं होतंस. खरं आहे.

मग बाबांचा फॉर्म. एजंट बदलला. रविवारी जेवणाच्या टेबलावर बसलो, मी प्रश्न वाचत होतो, बाबा स्वतःच्या हाताने कागदावर उत्तरं लिहीत होते. 'छातीत दुखणे, हृदयाची तपासणी' या प्रश्नाला त्यांनी पेन खाली ठेवलं. २०२१ ला एकदा छातीत दुखलं होतं. नौपाड्यात जाऊन ट्रेडमिल टेस्ट केली, डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली, ती ते रोज घेत होते. आईला ॲसिडिटीची म्हणून सांगितलं होतं. आम्हाला कोणाला काहीच माहीत नव्हतं. आई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हे फॉर्मसाठी बसलो नसतो तर कळलंच नसतं. एजंटचं ऐकून भराभर 'नाही' टिक केले असते तर त्यातला एक हाही असता.

सगळं लिहिलं. २०२१ चा रिपोर्ट जोडला, आधीच्या कंपनीचं पत्र जोडलं, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसं फॅमिली डॉक्टरचं पत्रही. कंपनीने टू-डी इको करून घेतला, तो चांगला आला. लघवीत प्रोटीन नाही. एचबीए१सी ७.४. काल काउंटर ऑफर आली: २५ लाख, दहा वर्षं, पन्नास टक्के लोडिंग. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'म्हणजे घेतात तर.' आज संमतीपत्रावर सही केली.

एक अडलंय. नॉमिनी म्हणून भावाचं नाव टाकायचं का?

---

विमासखी_कळवा

अभिनंदन दादा! नुसतं भावाचं नाव टाकू नका, रक्कम त्याच्या खात्यात पडेल आणि अडकेल. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीवर असतात, तिच्याकडे अर्ज करायचा, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यात कोर्ट नाक्याला चौकशी करा. दुसरा मार्ग, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी आणि मुलाच्या हितासाठी पॉलिसी घेणं, त्यात विश्वस्त म्हणून तुमचं नाव देता येतं. पण ते पॉलिसी निघण्यापूर्वीच करावं लागतं, म्हणून उद्याच्या उद्या एजंटला फोन करा. वकिलाचाही सल्ला घ्या.

---

मीनल_खारघर

पाचपाखाडीकर, तुमच्या आईला विचारलंय म्हणून सांगा. आणि विमा लोकपालाचं कार्यालय आता ठाण्यातही आहे, नवी मुंबई त्याच्याच हद्दीत येते, हे नोंदवून ठेवते, कोणाला लागलं तर. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, वकील लागत नाही, फी नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षात जावं लागतं. आम्हाला हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

---

पाचपाखाडीकर

मीनलताई, सांगितलं आईला. ती आता रोज सकाळी बाबांबरोबर कचराळीला जाते. गोळ्यांचा डबा तिने स्वतःकडे घेतलाय. एजंटशी बोलणं झालं, आम्ही १८७४ च्या कायद्याचा फॉर्म जोडतोय, विश्वस्त मी आणि माझी बायको.